सूप येतं कुठून

“परीक्षा नक्की कुणाची आहे, बाई? हिची की तुमची?”

पर्यवेक्षक नाईकनवरे सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. मी काकडआरतीहून थेट आले होते. कपाळावर गंध, हातात कापडी पिशवी, पिशवीत अक्षतांची डबी आणि दोन नवी पेनं. परीक्षेला आलेली दिसत नव्हते हे खरं.

“हिची,” मी म्हटलं. माझा आवाज मुळात लहान. त्यांच्यापर्यंत पोचला नसावा.

“माझी, सर,” कालिंदा म्हणाली. “ह्या काकू माझ्या लेखनिक आहेत. मी सांगणार, त्या लिहिणार.”

“लेखनिक म्हणून पोरं येतात. बारावीची, फार तर पहिल्या वर्षाची. ह्या तर...” पुढचं त्यांनी गिळलं.

“वयाचा नियम नाही, सर. परीक्षा देणाऱ्यापेक्षा शिक्षण कमी पाहिजे, एवढंच आहे. काकूंचं कमी आहे.”

इतक्या सरळपणे तिनं ते सांगितलं की मला हसूच आलं. माझं शिक्षण कमी आहे हे सासरी-माहेरी खूप जणांनी मला ऐकवलं होतं, कुणी कळवळून, कुणी टोचून. ते कुणाच्या उपयोगी पडतंय असं पहिल्यांदाच होत होतं. मी पिशवीतून बारावीचं प्रमाणपत्र काढून दिलं. लग्नापासून ते ट्रंकेच्या तळाशी पडलेलं. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

सरांनी ते वाचलं, वास घेतला, परत दिलं. “ठीक आहे. वत्सला आराध्ये. पण एक सांगून ठेवतो, आराध्येबाई. आज पेपर लोकसाहित्याचा. तुमच्याकडं बघूनच कळतंय, ओव्या, कहाण्या तुम्हाला पाठ असणार. प्रश्न वाचून दाखवायचा, ती सांगेल ते लिहायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. याच्या पलीकडं तोंडातून एक शब्द गेला तर दोघींना उठवीन.”

“हो,” मी म्हटलं.

“ह्यांच्या तोंडून शब्द जायला त्यांना आधी जोर लावावा लागतो, सर,” कालिंदा म्हणाली. सर हसले नाहीत, पण बाजूला झाले.

ही गोष्ट बार्शीची, कॅसेटचा जमाना संपत आला होता तेव्हाची. आम्हाला बोलून लिहायचं, म्हणून बाकीच्या मुलांबरोबर हॉलमध्ये बसवता येईना. कॉलेजच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत एक टेबल टाकून दिलं होतं. एका कोपऱ्यात क्रिकेटचे पॅड, भिंतीला टेकवलेले कॅरमबोर्ड, दोरीला लोंबणारं व्हॉलीबॉलचं जाळं. कालिंदानं आत येताच नाक वर केलं. “चामड्याचा वास. खेळाची खोली काय? बरं झालं. इथं हरलो तर चालतं.”

पण तिचं हरून चालणार नव्हतं, आणि ते तिच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

कालिंदा साळुंके परांड्याकडची. लहानपणी गोवरात डोळे गेले. घर बुरडाचं, म्हणजे कळकाच्या, बांबूच्या कामट्या काढून सुपं, दुरड्या, टोपल्या विणणारं. ती मात्र अंधशाळेत ब्रेल शिकली, मग बी.ए.ला मराठी घेऊन आमच्या गावात वसतिगृहात राहिली. तिन्ही वर्षं धडाक्यात गेली, आणि शेवटी हा एक पेपर राहिला. एम.ए.च्या वर्गात तिला तात्पुरतं बसू दिलं होतं. हा पेपर निघाला तर प्रवेश पक्का. नाही निघाला तर प्रवेशही गेला आणि वसतिगृहातली खाटही. वडिलांचा निरोप आला होता, बास झालं आता, घरी ये, सुपं विण, तुझा हात चांगला आहे.

तो पेपर तिला येत नव्हता म्हणून राहिला नव्हता. मागच्या वेळची लेखनिक मुलगी कंटाळली होती. कालिंदा दहा ओळी सांगायची आणि ती स्वतःच्या मनानं तीन लिहायची.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं होतं.

“ऐकून. मी बोलत होते आणि पेन गप्प होतं. मी म्हटलं, ताई, सगळं लिहितेस ना? ती म्हणाली, सार लिहितेय. माझ्या उत्तराचं सार तिनं काढलं आणि नापास मी झाले.”

देवळात काकडआरतीला येणाऱ्या एका शिक्षिकेनं मला तिच्याविषयी सांगितलं. अक्षर चांगलं, घाई नाही, मध्ये बोलत नाही, अशी बाई हवी होती. मध्ये न बोलणं हा एक गुण आहे हेही मला तेव्हाच कळलं. मी देवाला नारळ ठेवला आणि हो म्हटलं. रोज दुपारी वसतिगृहात जाऊन तिला पुस्तक वाचून दाखवू लागले. कहाण्यांचं प्रकरण आलं तेव्हा मला कोण आनंद! चातुर्मासात माझा नेमच असे, की दिवसाची कहाणी कुणाला तरी सांगितल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. बहुतेकदा हे दाढी करता करता ऐकायचे आणि साबणाच्या फेसातून “हूं, हूं” म्हणायचे. मी कालिंदाला म्हटलं, “पुस्तकातलं राहू दे. मी सांगते ना तुला, सगळ्या वारांच्या.”

“नको, काकू,” ती पटकन म्हणाली. मग आवाज मऊ करून, “कहाण्या आहेत मला. आईच्या तोंडच्या. तुमच्या ऐकल्या तर आतमध्ये मिसळतील. परीक्षा झाली की ऐकीन.”

मला जरा लागलं. कहाणी ती कहाणी, त्यात तुमची-आमची काय? पण मी पुस्तकातलंच पुढं वाचत गेले.

पेपरच्या दिवशी ह्यांची एस.टी. डेपोत पहाटेची पाळी होती. कहाणी ऐकायला घरात कुणी नव्हतं. तेव्हा मी तशीच, पाणीसुद्धा देवाला दाखवून एक घोट घेऊन, कॉलेजात आले.

घंटा झाली. मी प्रश्नपत्रिका सावकाश वाचली. कालिंदानं दोन्ही तळवे टेबलावर पसरले होते. वाचून झालं तशी ती म्हणाली, “तिसरा पुन्हा.”

“‘तुम्हाला ज्ञात असलेल्या कोणत्याही एका व्रतकथेचा आशय सांगून लोककथा म्हणून तिची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.’”

“हाच आधी घेऊ. सगळ्यात जास्त गुणांचा आहे.” तिनं श्वास घेतला. “लिहा. प्रश्न तिसरा. ठळक. त्याखाली रेघ. नवान्नाच्या सुपाची कहाणी.”

माझं मन एकदम फुलून आलं. आमच्या घरात शुक्रवारी सांगायची कहाणी हीच. मला सासूबाईंनी दिलेली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. इतक्या कहाण्यांमधून हिनं नेमकी हीच काढावी! देवानंच सुचवली, असं मी मनात म्हटलं आणि पेन टेकवलं.

ती सांगायची ती विरामचिन्हांसकट. “एका नगरात एक मोठं घर होतं, पूर्णविराम. घरात सासू आणि सात सुना होत्या, पूर्णविराम. नवं धान्य घरात आलं त्या दिवशी देवी म्हातारीचं रूप घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, स्वल्पविराम, अवतरण सुरू, बायांनो, मला सुपातून वाण घाला, अवतरण पूर्ण.” बोलताना तिची बोटं टेबलावर हलत होती, एक वर एक खाली, जणू कामट्या गुंफत होती. “सहा सुनांनी सहा सबबी सांगितल्या.”

माझा हात तिच्या पुढे धावत होता. पुढचं मला ठाऊकच होतं. धाकटी सून उठते, कोनाड्यातलं सूप घेते, मूठभर दाणे पाखडते, वर पदर झाकते आणि म्हातारीच्या ओटीत वाण घालते. म्हातारीची देवी होते, सूप सोन्याचं होतं. हाताला वळण पडलेलं.

“धाकटीजवळ दाणे होते,” कालिंदा म्हणाली, “पण सूप नव्हतं, पूर्णविराम. तेव्हा दाणे पदरात बांधून ती गावाबाहेर बुरडाच्या दारी गेली.”

पेन थांबलं.

मी थांबवलं नाही, ते थांबलं. ‘गावाबाहेर’ हा शब्द लिहून झाला होता आणि पुढं हात जाईना. धाकटी गावाबाहेर जात नाही. ती उंबरासुद्धा ओलांडत नाही. कहाणीत बुरूड कुठं आहे? पोरगी विसरली, माझ्या मनात आलं. विसरली आणि घरचं काहीतरी जोडतेय. सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न. एम.ए. गेलं, खाट गेली. आणि खरी कहाणी तर माझ्या हाताशी होती, पेनाच्या टोकापर्यंत आलेली. दोन ओळी नीट लिहिल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? तिला दिसत नव्हतं. सर खिडकीशी तपकीर ओढत होते.

“काकू, कुठपर्यंत आलं?”

“‘गावाबाहेर’पर्यंत,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

“तिथं का थांबलं?”

सरांची अट होती. बोलायचंच नव्हतं.

तिची बोटं टेबलावर स्थिर झाली. तिनं मान जराशी तिरपी केली, माझ्याकडे नाही, पेनाकडे. मग तिनंच हाक मारली, “सर!”

सर रुमालानं नाक पुसत उठले. “काय झालं?”

“काकूंना वाटतंय मी चुकले.”

“असं म्हणाल्या त्या?”

“त्या नाही. पेन म्हणालं.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तोंडातून शब्द गेला नव्हता, पण आता उठवलं असतं तर काय म्हणणार होते मी?

“हे बघ, पोरी,” सर हळू म्हणाले, “पेन अडलं की तुला कळतं, म्हणजे तो इशाराच झाला. मी हे लिहून वर कळवू शकतो.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं, सर. पाहिजे तर कळवा. मी उत्तर बदलणार नाही.”

“चुकलं असलं तरी?”

“चुकलं असलं तरी. सर, समोरच्या हॉलमध्ये एवढी पोरं बसलीत. ती चुकायला लागली की त्यांचं पेन थांबतं का आपोआप? कुणी त्यांच्या मनगटाला धरतं? त्यांना चुकू देतात ना सगळे सुखानं? मग मलाही चुकू द्या. पास झाले तर माझी, नापास झाले तर माझी. मागच्या वेळी दुसरीच्या डोक्यानं नापास झाले, आता दुसरीच्या डोक्यानं पास नाही व्हायचं मला.”

एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. रागावली होती, पण आवाज चढला नव्हता. “काकू, लिहा. बुरडाच्या दारी गेली. पूर्णविराम.”

बाहेर कुठंतरी चपराशानं पाण्याची घागर आपटली. सर खुर्ची ओढून आमच्या टेबलाशीच येऊन बसले.

“लिहा, बाई,” ते म्हणाले. “आणि पुन्हा पेन अडलं तर शाई बघा. पोरीच्या तोंडाकडं बघू नका.”

मी लिहिलं. ‘बुरडाच्या दारी गेली.’ पुढचं सगळं एकेक शब्द करून लिहिलं. अर्थ कानाच्या बाहेर उभा ठेवला, कारण अर्थ आत आला की हात अडखळतो हे मला कळून चुकलं होतं. मनात नामस्मरण चालू ठेवलं. तिचा शब्द, देवाचं नाव, तिचा शब्द, देवाचं नाव. जपमाळ ओढावी तसं. पुरवणी लागली, तिला दोरा बांधला. शेवटी सगळं वाचून दाखवलं तेव्हासुद्धा भाजीची चिठ्ठी वाचावी तसं वाचत गेले. तिनं मध्ये दोन ठिकाणी स्वल्पविराम घालायला लावले. अंध विद्यार्थ्यांना मिळतो तो जादा वेळसुद्धा तिनं पुरता वापरला.

सरांनी उत्तरपत्रिका लिफाफ्यात घातली. वर कळवण्याविषयी ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आम्ही तिघंही व्हरांड्यात आलो. दुपार कलली होती. कार्तिकातलं ऊन, अंगावर घ्यावंसं वाटणारं. कालिंदा पायरीवर बसली आणि तिनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

“घ्या, काकू. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही. पेपर लिहिताना तुमचं पोट गुरगुरत होतं.”

“तेही ऐकलंस?”

“पेनापेक्षा मोठ्यानं बोलत होतं ते.”

मी म्हटलं, “माझा नेम आहे गं. कहाणी सांगितल्याशिवाय नाही खात.”

“मग सांगा की. परीक्षा झाली. आता मिसळली तरी चालेल.”

मी डबी काढून तिच्या तळहातावर अक्षता ठेवल्या, कहाणी संपेपर्यंत धरायच्या. सर लिफाफा काखेत धरून निघाले होते, ते थबकले. “माझ्याही हातावर टाका दोन दाणे. घरी ऐकतो मी, पण बायको म्हणते, तुमचं लक्ष नसतं.” त्यांनी तपकिरीचा हात पँटला पुसला आणि पुढं केला.

वार शुक्रवारच होता. मी तीच कहाणी सांगितली. सासू, सात सुना, म्हातारी, सहा सबबी. धाकटी उठली, कोनाड्यातलं सूप घेतलं, दाणे पाखडले, वाण घातलं, सूप सोन्याचं झालं. कालिंदा प्रत्येक वाक्याला “हूं” म्हणत होती, अगदी मनापासून. सर मान हलवत होते. संपल्यावर दोघांनी अक्षता खाली ठेवल्या. मला वाटलं, आता ती म्हणेल, ‘अगंबाई, हे मी विसरलेच होते.’

ती म्हणाली, “छान सांगता, काकू. एक विचारू? तुमच्या कहाणीत सूप येतं कुठून?”

“कोनाड्यातून.”

“आणि कोनाड्यात कुठून आलं?”

सरांनी खोकल्यासारखं केलं.

“आपोआप येत नाही हो ते,” ती म्हणाली. “कुणीतरी कळक तोडतं. कामट्या काढताना बोटं कापतात. आमच्या आईचा अंगठा बघा कधी. त्यावर रेघाच रेघा आहेत, मी हातानं मोजायचे लहानपणी. तुमच्याकडं सूप कोनाड्यात असतं म्हणून तुमच्या कहाणीत पण ते कोनाड्यातच असतं. आमच्याकडं ते विणावं लागतं.”

“मग तुमची कहाणी कशी आहे?” मी विचारलं.

“लिहिली की तुम्ही आत्ता!”

“लिहिली. ऐकली नाही.”

तेव्हा ती खळखळून हसली. मघाचा राग त्या हसण्यात वाहून गेला असावा. तिनं माझ्याच डबीतल्या अक्षता काढल्या, एक चिमूट मला दिली, एक सरांना.

“धाकटीजवळ दाणे होते, सूप नव्हतं. सासूनं सूप कुलपात ठेवलं होतं. धाकटी बुरडाच्या दारी गेली. तिथं घरभर सुपं टांगलेली, आढ्यापासून जमिनीपर्यंत. पण दाणा एकही नाही. चूल गार. बुरडीण म्हणाली, ‘नवान्नाचा दिवस, दारात देवी येणार म्हणतात, तिला घालू काय? रिकामं सूप?’ धाकटी म्हणाली, ‘माझ्याकडं दाणे आहेत, पण ओंजळीतून कसं घालू?’ एवढ्यात म्हातारी तिथंच आली. मोठ्या घरातून धाकटीच्या मागं मागंच आली होती ती. दोघींनी घाईघाईनं सुपात दाणे ओतले. म्हातारी म्हणाली, ‘वाण घेते, पण कुणाचं म्हणून घेऊ?’ धाकटी म्हणाली, ‘हिचं. सूप हिचं आहे.’ बुरडीण म्हणाली, ‘हिचं. दाणे हिचे आहेत.’ देवीला हसू आलं. म्हणाली, ‘मग अशा भांडता काय? दोघी दोन्हीकडून धरा.’”

कालिंदा थांबली. तिचे दोन्ही हात समोर पसरलेले होते, सुपाची एक बाजू धरल्यासारखे.

“म्हणून आमच्यात नवान्नाचं वाण एकटी बाई देत नाही. दोघी सूप धरतात. एकीचे दाणे, एकीचं सूप.”

मी “हूं” म्हणायला विसरले होते. सर तर अक्षता मुठीत धरून पायरीवर बसलेच होते. माझ्या डोळ्यांपुढं ‘गावाबाहेर’ हा शब्द आला आणि त्याच्यापुढची ती थोडीशी कोरी जागा. तिथं जर मी माझं सूप ठेवून दिलं असतं, कोनाड्यातलं, तर हिच्या आईचा अंगठाच पुसून गेला असता कागदावरून, आणि तेही मला पुण्य वाटलं असतं.

“सर,” कालिंदा म्हणाली, “मी चुकले का?”

नाईकनवरे सर उठले, अक्षता त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवल्या. “मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. कळकाबद्दल विचार, सांगतो. कहाणीतलं मला विचारू नको.” दोन पावलं गेले, वळले. “पण घरी गेल्यावर बायकोला विचारणार आहे, तुझं सूप येतं कुठून म्हणून. आज लक्ष होतं हे तरी तिला कळेल.”

मग मी भाकरी खाल्ली. तिखट चटणी, वर लोटीभर पाणी. इतकं गोड जेवण त्या चातुर्मासात मला दुसरं आठवत नाही.

निकाल लागला. पेपर निघाला, आणि चांगला निघाला. तपासणाऱ्यानं ‘बुरडाच्या दारी’ वाचून काय विचार केला, देव जाणे. कालिंदा पेढे घेऊन घरी आली, देवाला एक ठेवला, आणि मी पाणी आणेपर्यंत म्हणाली, “काकू, आता एम.ए.ला कोण लिहिणार?”

“मीच. माझं शिक्षण आहे ना कमी!”

“ते फार कमी पडेल. एम.ए.ला बी.ए. करणारी चालते. तुम्ही मुक्त विद्यापीठात नाव घाला. मी एक पायरी वर, तुम्ही एक पायरी खाली, अशा दोघी चढत जाऊ. नियमात बसतं.”

“ह्या वयात? मला नाही जमायचं गं. चुकीन मी.”

“मग चुका की,” ती म्हणाली. “तुम्हाला कुणी अडवलंय?”

हे दाढी करता करता आतून म्हणाले, “हूं.”

कालिंदा आज एका कॉलेजात शिकवते. वर्गात शिरली की पोरांची पेनं ऐकते, आणि कोण लिहितंय, कोण नुसतं धरून बसलंय ते नावानिशी सांगते म्हणे. नवान्नाला सुट्टी काढून येते. सूप तिच्या आईच्या हातचं असतं, दाणे माझ्या घरचे. आम्ही दोघी दोन्हीकडून धरतो. शेजारच्या बायकांनी पहिल्या वर्षी तोंडं वाकडी केली. आता त्याच विचारतात, तुमच्या बुरडाच्या दारचं एखादं सूप आम्हाला मिळेल का.

पण मला सांगायचं होतं ते माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या पेपरविषयी. त्या वेळी मी मोठ्या हॉलमध्ये बसले होते, सगळ्यांच्यात, शेजारी माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी. प्रश्नपत्रिका हातात आली. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, उघडले, तर तिसराच प्रश्न. कोणत्याही एका व्रतकथेचा आशय सांगा.

मी पेन उघडलं. सासू लिहिली, सात सुना लिहिल्या, म्हातारी दारात उभी केली. धाकटीजवळ दाणे होते, पण सूप नव्हतं. तेव्हा दाणे पदरात बांधून ती गावाबाहेर बुरडाच्या दारी गेली.

पेन कुठं थांबलं नाही.